ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा

पाचगणीहून वाईकडे उतरताना पसरणीच्या घाटात आमच्या पद्मिनीचा ब्रेक गेला, तेव्हा बाबा आधी काही बोललेच नाहीत. मी शेजारी बसलो होतो. मला फक्त त्यांचा उजवा पाय दिसला. एकदा दाबला, दोनदा दाबला, मग पंप मारल्यासारखा भराभर हलायला लागला. मागच्या सीटवर आई, आत्या आणि आत्याचे यजमान शेंगा खात होते. गाडीत जळकट वास भरला होता आणि मला वाटत होतं की पुढच्या ट्रकचा आहे.

बाबांनी कसाबसा गिअर खाली आणला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. डावीकडची दोन चाकं दगडांवरून घासत गेली आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता. अर्ध्या तासानं, चाकं गार झाल्यावर, बाबांनी पेडल दाबून पाहिलं, तर ब्रेक एकदम व्यवस्थित! जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर चार महिने बाबांनी त्या गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. गाडी आजोबांची, १९७६ सालची. आजोबांनी नंबर लावून, कित्येक वर्षं वाट बघून घेतलेली. बाबा तिच्यावरच गाडी शिकले. आईचं म्हणणं एकच होतं, विकून टाका. बाबा ‘हो’ म्हणत नव्हते आणि ‘नाही’ही म्हणत नव्हते. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते, तेव्हा मला झोप लागत नाही. ‘आपोआप’ काही होत नसतं. कारण सापडलेलं नसतं, इतकंच.

वीस लिटर उकळतं पाणी

आधी साधं गणित केलं. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गतीची उष्णता करतो, बाकी काही नाही. पद्मिनी अंदाजे ९०० किलोची, वर पाच माणसं आणि सामान. १,२०० किलो धरू. ताशी ६० किलोमीटर वेगातून ही गाडी एकदा थांबवली की सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता तयार होते. ती चार ड्रमना सहज झेपते.

पण पाचगणी ते वाई हा उतार साडेपाचशे मीटरहून अधिक आहे. इंजिननं आणि हवेनं काहीच झेललं नाही असं धरलं, तर तेवढं उतरताना ब्रेकमध्ये साधारण साडेसहा मेगाज्यूल उष्णता जाते. म्हणजे ६० च्या वेगातून गाडी जवळजवळ चाळीस वेळा लागोपाठ थांबवल्यासारखं. किंवा असं बघा, एवढ्या उष्णतेत वीस लिटर गार पाण्याला उकळी येते. आंघोळीची एक मोठी बादली! ही सगळी उष्णता चार बंद डब्यांमध्ये. ड्रम ब्रेक म्हणजे शेवटी डबाच. आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर असतो, आणि ते आतून बाहेर ढकलले जाऊन फिरत्या ड्रमला घासतात. डबा तापला की लोखंड प्रसरण पावतं आणि शूपासून लांब जातं. लायनर फार तापला की त्याची पकड कमी होते. दाबाल तितकं थोडं.

पण एवढ्यानं आमचं कोडं सुटत नव्हतं. नुसता लायनर तापला तर पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही. बाबांचं पेडल मात्र मऊ पडलं होतं, खाली बसलं होतं. बाटलीतलं ब्रेक ऑइल तर जिथल्या तिथे होतं, एक थेंब गळला नव्हता.

मिस्त्रींचा हात

पुण्यात जुन्या गाडीचं काही अडलं की पाय नाना पेठेकडे वळतात. तिथल्या एका गल्लीत एक मिस्त्री आहेत. साठी ओलांडलेले, अर्धं आयुष्य फियाटखाली गेलेलं. मी त्यांना माझं गणित दाखवायला मोबाइल काढला, तर म्हणाले, “ते ठेव खिशात. आधी सांग, गाडी ब्रेक मारल्यावर कुठं खेचते?”

“डावीकडे. सहा-सात महिने झाले.”

“आणि तुम्ही काय केलं?”

“स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरायचो.”

मिस्त्री हसले नाहीत. ते गाडी घेऊन गल्लीतून एक चक्कर मारून आले, उतरले आणि चारही चाकांना उलटा हात लावला. पुढच्या उजव्या चाकाशी हात झटकून मागे घेतला. मग ते चाक जॅकवर उचललं. मला पेडल दाबून सोडायला सांगितलं. चाक फिरवलं तर फिरेना, पेडल सोडूनही! त्यांनी चाकाचा हवा काढायचा निपल जरासा उघडला. पिचकन तेल उडालं आणि चाक मोकळं झालं. निपल बंद केला, पुन्हा पेडल दाबून सोडायला लावलं, चाक पुन्हा धरलं. आता त्यांनी रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलेला असतो तिथला, वरचा जोड सैल केला. चाक तसंच धरलेलं. दाब होजच्या खाली अडकला होता.

“होज आतून सुजलाय,” मिस्त्री म्हणाले. “बाहेरून नवरदेव, आतून म्हातारा.”

त्या तीन मिनिटांत सगळी साखळी उलगडली. रबरी नळीचं आतलं छिद्र बारीक झालेलं, म्हणून ब्रेक दाबल्यावर उजव्या चाकाला तेल उशिरा पोचायचं आणि गाडी डावीकडे खेचायची. पेडल सोडल्यावर तेच तेल परत यायला उशीर लागायचा, म्हणून उजवा ब्रेक सुटायचाच नाही, घासत राहायचा. घाटात तो सतत घासला आणि तापला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं तेल किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. आमचं तेल कधी बदललं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. ते उकळलं आणि वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. बाबांच्या पायानं फक्त वाफ दाबली. गाडी गार झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं. म्हणून ‘आपोआप’ दुरुस्त.

उरलेला प्रश्न असा की एका चाकातलं तेल उकळलं तर बाकीच्या तीन चाकांनी का थांबवलं नाही? कारण चारही चाकांचं तेल एकच. एक मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. एका जागी वाफ झाली की सगळं पेडल खाली. आमच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात, आणि असा कोड मी पुढे पाठवला तर टीम लीड मला उभं करेल.

चांभार, इंजिनिअर आणि गळके सील

मग मी ब्रेकचा इतिहास वाचायला लागलो. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून लागलो आणि पुढे त्यातच अडकलो.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. मोटारीनं केलेला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिनं वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं, अशी हकिकत आहे. ब्रेकचा लायनर असा जन्मला. प्रयोगशाळेत नाही, उतारावर, घाबरलेल्या माणसाच्या गरजेतून.

१८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यानं घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगलं अस्तर शोधायला सुरुवात केली. त्यातून ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली. पुढे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आलं. ते उष्णतेला दाद देत नाही, म्हणून जगभर दशकानुदशकं तेच वापरलं गेलं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोग होतो हे पक्कं व्हायला आणि ते हटवायला फार काळ गेला. मिस्त्री ड्रम उघडून तोंडानं धूळ फुंकणार होते, तेव्हा मी त्यांचा हात धरला. “जुना लायनर आहे मिस्त्री, ओल्या फडक्यानं पुसा.” ते म्हणाले, “चाळीस वर्षं फुंकतोय.” पण फडकं घेतलं. त्या दिवशी माझ्या वाचनाचा झालेला हा एवढाच रोकडा फायदा.

१९०२ हे वर्ष गमतीचं आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉनं ड्रम ब्रेकला आजचं रूप दिलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोन्ही कल्पना जुळ्या! पण लँचेस्टरच्या ब्रेकमध्ये तांब्याचं अस्तर होतं आणि ते असं किंचाळायचं की ऐकवायचं नाही. ड्रम जिंकला, डिस्क अर्धशतक मागे पडली.

तोवर ब्रेक तारांनी आणि सळयांनी ओढले जायचे. चारही चाकांची तार सारखी ताणलेली ठेवणं म्हणजे रोजची कटकट. यावर उपाय मॅल्कम लॉकहीड यानं काढला. ज्याच्या भावाच्या विमान कंपनीचं नाव आपल्याला ठाऊक असतं, तोच हा घराणा. १९१७ च्या सुमारास त्यानं तेलाच्या दाबाचा ब्रेक मांडला. पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलाय, बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. तार ओढायची तर चार ठिकाणी सारखी ओढावी लागते, तेलाला सांगावं लागत नाही. १९२१ च्या ड्यूसेनबर्गवर हे ब्रेक आले. चामड्याचे सील गळायचे, ते क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबराच्या कपांनी सोडवलं आणि १९२४ च्या क्रायस्लरनं हायड्रॉलिक ब्रेक परवडणाऱ्या गाडीत आणले. फोर्ड मात्र हट्टानं सळयांवर राहिला, थेट १९३९ पर्यंत. पोलादावर भरवसा ठेवावा, तेलावर कसा ठेवायचा, हा त्यामागचा सूर. पसरणीच्या घाटात मला हेन्री फोर्ड क्षणभर पटला असता.

डिस्क परत आली ती शर्यतीतून. १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइपनं डिस्क ब्रेकच्या जोरावर ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. बाकीचे वळणाच्या आधी जिथे ब्रेक मारायचे, त्याच्या पुढे जाऊन जॅग्वारवाले मारायचे. चकती उघड्यावर असते, वारा लागतो, आणि तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते, ड्रमसारखी लांब पळत नाही. १९५५ मध्ये सित्रोएनच्या डीएसमध्ये डिस्क घरगुती गाडीत आल्या.

कुर्ल्यात थांबलेलं घड्याळ

आता आपल्या गाडीकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. पहिला करार क्रायस्लरशी, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक घराघरात नेणाऱ्या कंपनीशीच. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला आणि ११०० आली, जिच्या गोल पाठीवरून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. साठच्या दशकाच्या मध्यावर चौकोनी ‘११०० डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात फियाटचा करार संपला, तीच गाडी आधी ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीच्या नावानं ‘पद्मिनी’ झाली.

ही डिलाइट म्हणजे इटलीतली ११००-डी, १९६२ चं मॉडेल. आणि इथे मला तो तपशील सापडला ज्यानं मला हलवलं. १९६६ मध्ये इटलीत या गाडीची पुढची आवृत्ती आली, ११००-आर. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. म्हणजे ज्या बदलाचा आम्ही नाना पेठेत उभं राहून विचार करत होतो, तो फियाटनं स्वतः आजोबांच्या गाडीच्या दहा वर्षं आधी केला होता. १९६९ मध्ये तिकडे ११०० बंदच झाली आणि १२८ आली. इकडे कुर्ल्यात ११००-डी ची वंशावळ २००० च्या आसपासपर्यंत चालू राहिली, ड्रम ब्रेकसकट.

असं का झालं? परवाना राज म्हणून हात झटकणं सोपं आहे. त्यात तथ्यही आहे. किती गाड्या बनवायच्या याला परवाना, सुटे भाग आणायला परकीय चलन नाही, किमतीवर सरकारचं लक्ष, आणि दारात वर्षानुवर्षांची रांग. जी गाडी न बदलता विकली जाते ती कोण बदलेल? पण दुसरी बाजूही आहे. गाडी बदलली नाही म्हणूनच तिचा प्रत्येक वॉशर प्रत्येक तालुक्यात मिळत गेला. मिस्त्रींच्या हाताला जे कळतं ते त्यामुळेच कळतं. एकाच गाडीखाली चाळीस वर्षं झोपल्याशिवाय नुसत्या हातानं चाकाचा ताप ओळखता येत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला, कारण शेवटच्या टॅक्सीच्या नोंदणीला तेव्हा वीस वर्षं झाली. इतका काळ ती चालली, यातही त्या न बदलण्याचा वाटा आहेच.

काय बदलायचं

मी घरी तक्ता केला. पर्याय पहिला, पुढे डिस्क. एका लहान गाडीची चकती आणि कॅलिपर घ्यायचे, लेथवर ब्रॅकेट करून बसवायचे. पुष्कळ जण करतात. पण एक गोष्ट बदलली की तिच्यामागे चार येतात. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, पायाला मदत करतो. डिस्क तसं करत नाही, म्हणून पाय जास्त लागतो आणि व्हॅक्युम बूस्टर लावावा लागतो. कॅलिपरला तेल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर बदलायचा. ड्रमच्या मास्टरमध्ये थोडा दाब लाइनमध्ये अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्क घासत राहते, म्हणजे पुन्हा पसरणी. आणि पुढे-मागे तोल बिघडला तर पावसात मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. या सगळ्याच्या मुळाशी काय, तर गल्लीत वेल्ड केलेला एक ब्रॅकेट, ज्याची चाचणी कुणीच केलेली नाही.

पर्याय दुसरा, सगळं मूळ मापात नवं करायचं, आणि फक्त एक बदल. दुहेरी मास्टर सिलिंडर, पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्यांचं वेगळं. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस हे सक्तीचं झालं होतं.

मी बाबांना दोन्ही पर्याय सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्या दिवसानंतर पहिल्यांदा घाटाबद्दल बोलले.

“मी टॉपमध्ये उतरत होतो.”

“हो बाबा, पण होज खराब होता.”

“होज खराब होता. पण आप्पा असते तर सेकंडमध्ये उतरले असते. मला शिकवतानाच सांगितलं होतं, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. पंधरा वर्षं पॉवर ब्रेकची गाडी चालवून विसरलो मी. मागे तुझी आई बसली होती.”

चार महिने किल्ली का लटकून होती ते मला तेव्हा कळलं. मी यंत्रातला दोष शोधत होतो आणि ते स्वतःतला. दोघांचंही बरोबर होतं. आप्पांचा नियम हा त्या गाडीचाच एक भाग होता. मॅन्युअलमध्ये नसलेला, पण ब्रेकइतकाच गरजेचा. गाडी तीच राहिली आणि तो भाग आमच्याकडून हरवला.

त्यातूनच निर्णय झाला. उष्णता माणूस सांभाळू शकतो, गिअर खाली घेऊन. एका नळीवर लटकलेले चार ब्रेक मात्र कितीही चांगल्या ड्रायव्हरला सांभाळता येत नाहीत. जे सवयीनं सुटतं ते सवयीनं सोडवायचं, जे सुटत नाही तेच बदलायचं. ड्रम ठेवले. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, जुन्याइतक्याच बोअरचा, म्हणजे पेडलची सवय मोडू नये. तिन्ही होज नवे, चारही व्हील सिलिंडर नवे, लायनर बिनॲस्बेस्टॉसचे, ड्रम लेथवर टर्न केलेले, तेल डॉट ४. आणि बॉनेटच्या आत मी एक कागद चिकटवला. तेल बदलल्याची तारीख, पुढची तारीख दोन वर्षांनंतरची.

शेवटची चाचणी मिस्त्रींना वेडेपणाची वाटली. मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगात, मी मागच्या चाकाचा निपल मुद्दाम सैल ठेवला, नळी लावून खाली बाटली ठेवली आणि बाबांना ब्रेक मारायला सांगितला. पेडल अर्ध्याच्या खाली गेलं. बाबांचा चेहरा क्षणभर पसरणीच्या घाटातला झाला. मग पेडल थांबलं, आणि गाडीही थांबली. पुढच्या दोन चाकांवर.

बाबा उतरले नाहीत. “परत,” म्हणाले. आम्ही चार वेळा केलं. नंतर निपल बंद केला, हवा काढली, तेल भरलं.

पावसाळ्यानंतर आम्ही पाचगणीला गेलो. आई यायला तयार नव्हती, मग आली. उतरताना माथ्यावरच बाबांनी गिअर सेकंडला टाकला. इंजिन घुमत राहिलं. मागून हॉर्न वाजत होते, एकजण शिवी देऊन पुढे गेला. बाबांनी त्याला हातानं पुढे जायची खूण केली. वाईत घाटाजवळ गाडी लावल्यावर मी उतरून चारही चाकांना उलटा हात लावून पाहिला.

चारही सारखी कोमट होती.